इंदूच्या चपलेचा नंबर

इंदू,

आज सकाळी तुझा सुरेश माझ्याकडे आला होता. दशक्रियेला भादरलेलं डोकं, वाढलेले दाढीचे खुंट, हातात मोटारीची किल्ली. बस म्हटलं तर बसेना. भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत म्हणाला, ‘‘मावशी, आईच्या चपलेचा नंबर काय होता हो?’’

उद्या तुझं तेरावं. भटजींनी सांगितलंय म्हणे, छत्री, काठी, पाण्याचा तांब्या आणि नव्या चपला दान द्यायच्या. गेलेल्या माणसाला पुढची वाट लांबची, उन्हाची, आणि पायी चालायची असते. इंदू, मला हसू आलं. पदर तोंडाला लावून हसले आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही. सुरेश बिचारा घाबरला. त्याला काय कळणार! कित्येक वर्षं तुला कुणी फाटकाबाहेर पायी पडू दिलं नाही, आणि आता म्हणे चपला.

तेव्हापासून डोक्यात तूच आहेस. आपलं भांडण अर्धवट राहिलं, आणि मला अर्धवट भांडण सोसत नाही हे तुला ठाऊक आहे. शाळेत मुलींना शिकवून शिकवून शेवटचा शब्द आपलाच असावा अशी खोड मला लागली, आणि तू सोनगीरची, किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेली, हार मानणं तुला माहीत नाही. म्हणून हे लिहितेय. एरवी तू उत्तर द्यायचीस. आता माझंच मी बोलायचं.

आपण दोघी एकाच गल्लीत नव्या सुना म्हणून आलो. माझं माहेर अमळनेरचं, तुझं सोनगीरचं. मी आपली जरा पुस्तकी बोलणारी, तू सरळ अहिराणी. पहिल्याच आठवड्यात तू दारात येऊन म्हणालीस, ‘‘निंघ वं, नदीवर जाऊत.’’ मी म्हटलं, कशाला? तू म्हणालीस, ‘‘कसाले म्हंजे? पाय शेतस ना?’’ पाय आहेत ना, मग चालायचं. एवढंच तुझं कारण. तेव्हापासून रोज उन्हं उतरली की तुझी हाक यायची आणि आपण पांझरेच्या काठाने एकवीरेच्या देवळापर्यंत जायचो. जाताना भाजीवाल्या बाया, येताना कडुलिंबाखाली बसलेला मोची. तुझ्या चपलेचा अंगठा सारखा तुटायचा, कारण तू चालायचीस कमी आणि झपाटायचीस जास्त. मोची शिवायला बसला की आपण त्याच कडुलिंबाला टेकून गावातल्या सगळ्यांच्या सुनांची, सासवांची, मास्तरांची खबर घ्यायचो. माझं अर्धं आयुष्य त्या झाडाखाली उभं राहून गेलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

मग सुरेशनं हायवेपलीकडच्या कॉलनीत बंगला बांधला. तेव्हा मला वाटलं होतं, आता संपलं. पण तू कुठली ऐकतेस! पहिली काही वर्षं तू तिथूनही पायी यायचीस. हायवे तेव्हा अरुंद होता, दोन्ही बाजूंना मातीची पायवाट होती, झाडं होती. एखादा ट्रक यायचा, तो जाईपर्यंत तू उभी राहायचीस, पदर कमरेला खोचून पलीकडे. दारात येऊन तीच हाक, ‘‘निंघनी का?’’ तुझ्या कॉलनीत घरं सुंदर होती, पण घरांशिवाय काही नव्हतं. कढीपत्ता आणायचा तरी स्कूटर काढायची. तू हसायचीस त्यांना. म्हणायचीस, ‘‘फोडणी करपी जास, पन पायी कोनी जात नही.’’

मग रस्ता रुंद झाला. झाडं गेली. मोचीचा कडुलिंबही गेला, कारण गावातला रस्ताही रुंद करायचा होता, गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. मोची कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. भाजीवाल्या बाया मागच्या बोळात सरकल्या. माझ्या ओट्यापुढे दोन स्कूटर आणि एक मोटार कायमची उभी राहायला लागली, आणि संध्याकाळी ओट्यावर बसायचं म्हणजे धूर खात बसायचं. वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर काजळी धरायची. शेजारचं नातवंड बारा महिने खोकायचं आणि त्याचा बाप त्याला डॉक्टरकडे स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचा. हे मी तुला सांगितलं की तू म्हणायचीस, वत्सा, तुला सगळ्यांचा राग येतो. येतो. अजूनही येतो.

पण खरी गोष्ट रस्त्याची नव्हती असं माझं म्हणणं होतं, आणि तिथेच आपलं भांडण.

सुरेशनं मोटार घेतली त्या दिवशी तू सगळ्या गल्लीला पेढे वाटलेस. पांढरीशुभ्र मोटार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. माझा हात धरून मागच्या सीटवर बसवलंस. आपण दोघी गावातून फिरलो, आणि तू काचेतून ओळखीच्या प्रत्येक बाईला हात करत होतीस. मलाही मजा वाटली, नाकारत नाही. पण त्यानंतर काय झालं? तू पायी निघालीस की सुरेशला कुणीतरी त्याच्या दुकानात येऊन सांगायचं, ‘‘शेठ, आई उन्हात चालल्या होत्या.’’ वाटेत दर दोन घरांमागे एक स्कूटर थांबायची, ‘‘बसा अक्का, सोडतो.’’ दारात मोटार असताना आई पायी जाते म्हणजे मुलगा आईला विचारत नाही, असा त्याचा अर्थ झाला होता. आपल्याकडे हे असंच आहे. माणूस दमेल म्हणून नव्हे, मुलाचा मान जाईल म्हणून त्याला बसवून ठेवायचं. एक दिवस सुरेशनं तुझे पाय धरले. म्हणाला, आई, माझ्यासाठी एवढं कर, पायी जाऊ नकोस. लोक तोंडावर बोलतात.

तू आलीस आणि मला हे सांगितलंस, तेव्हा मी भडकले. म्हटलं, तुझ्या पोरानं तुला डांबून ठेवलंय. तू जी उसळलीस! ‘‘मना आंडोरले नाव नही ठेवानं. त्यानी माया शे ती.’’ मुलाला नावं ठेवायची नाहीत, माया आहे ती त्याची. मी म्हटलं, माया आहे हे कोण नाकारतंय, पण मायेनंच पाय बांधलेत तुझे. तू म्हणालीस, सुरेश नको म्हणाला तरी मी आले असते. मी काय त्याला घाबरते? तो रस्ता मला येऊ देत नाही. मी म्हटलं, रस्ता नाही, सुरेश. तू म्हणालीस, सुरेश नाही, रस्ता. त्यानंतर कितीदा तरी हेच. शेवटी शेवटी तर आपण नमस्कारासारखं ते बोलायचो.

मोटार होती, पण ती तुझी नव्हती ना. सुरेश दुकानातून यायचा, त्याला वेळ मिळाला तर. सुनेला चालवता येत नव्हती. मोटारीतून तू शिर्डीला गेलीस, सप्तशृंगीला गेलीस, नातेवाइकांच्या लग्नांना लांब लांब गेलीस. आणि माझ्या घरी, जिथे तू चालत येऊन चहा गरम असताना पोचायचीस, तिथे महिनोन्महिने नाही. तूच एकदा म्हणालीस, ‘‘आते गाडी माले कोठेबी लई जास. फक्त जठे माले जानं शे, तठे नही.’’ मग दोन्ही घरी फोन बसले. पण फोनवर आपलं जमेना. तू बोलायचीस आणि मागून ट्रकचे हॉर्न. तू ओरडून बोलायचीस, मी ओरडून बोलायचे, आणि ओरडून कुणाच्या सुनेची चुगली करता येत नाही.

मी यायचे रिक्षानं. प्रत्येक वेळी तू थोडी अधिक जड झालेली दिसायचीस. झपाटणारी इंदू जिना चढून वर आली की पलंगाच्या कडेला बसून श्वास घ्यायची. मग साखर निघाली, मग रक्तदाब. डॉक्टरांनी बजावलं, चाला. तू त्यांना विचारलंस, कुठे? त्यांनी म्हणे खिडकीतून बाहेर बघितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी गेले तेव्हा त्यांच्या दवाखान्याच्या दारात इतक्या स्कूटर होत्या की आत जायला वाट नव्हती, आणि आत बसलेल्या प्रत्येकाला तेच औषध सांगितलेलं होतं.

मग सुरेशनं युक्ती काढली. पहाटे तुला मोटारीत बसवून कॉलेजच्या मैदानावर न्यायचं, तिथे तू फेऱ्या मारायच्या, तो मोटारीत बसून पेपर वाचणार, आणि परत मोटारीतून घरी. चालण्यासाठी मोटारीतून जायचं! तू मला फोनवर सांगितलंस आणि आपण दोघी कितीतरी वेळ हसलो. हॉर्नपेक्षा मोठ्यानं. तू म्हणालीस, मैदानावर सगळे गोल गोल फिरतात, कुणी कुणाकडे जात नाही. तेही थोडे दिवस चाललं. नंतर सुरेशला सकाळचा वेळ मिळेना आणि तू गच्चीवर फेऱ्या मारायला लागलीस. गच्चीवरून तुला हायवे दिसायचा. त्याच्या पलीकडे गाव, गावात मी. तू सांगितलं नाहीस, पण तुझ्या सुनेनं सांगितलं, की संध्याकाळी आपल्या वेळेला तू कठड्याशी उभी राहायचीस.

आणि कानबाईची गोष्ट.

श्रावणातल्या ठरलेल्या रविवारी तुमच्या घरी कानबाई देवी बसायची तेव्हा सगळे भाऊबंद जमायचे. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून तू तिला अशी सजवायचीस की नवी नवरी लाजावी. रात्रभर नैवेद्याच्या रोटांचा घमघमाट. आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन अनवाणी नदीवर जायचं, बाया पुढे फुगड्या घालताहेत, घराघरांतून लोक येऊन पाया पडताहेत. मी तुमच्या भाऊबंदांतली नाही, तरी तुझ्या शेजारी चालायचा हक्क माझा होता. डोक्यावर देवी असताना तुला मान वळवता यायची नाही, म्हणून तू नाकासमोर बघत माझी थट्टा करायचीस.

त्या वर्षी घरात ठरलं, हायवे ओलांडून बायाबापड्यांना न्यायचं म्हणजे धोका, कानबाई मोटारीतून जाईल. बाकीचे मेटॅडोरमध्ये. सगळं काळजीपोटीच. तू पुढच्या सीटवर बसलीस, देवी मांडीवर, काचा वर, धूळ नको म्हणून. कुणी पाया पडायला मोटारीसमोर आलं की सुरेश थांबवायचा, पण मागून हॉर्न वाजायचे, मग परत निघायचं. मी नदीवर पोचले तेव्हा तू एकटी पायरीवर बसलेली होतीस, मांडीवर कानबाई. बाया अजून यायच्या होत्या. गाणी नव्हती, फुगड्या नव्हत्या. मला बघून तू म्हणालीस, ‘‘देख ना वत्सा, कितली लवकर उनू आम्ही.’’ किती लवकर आलो आम्ही. आणि मग हळूच, ‘‘गाडीमा कानबाईले बी मळमळनं व्हई.’’

मी हसले. तू नाही हसलीस. तू उठलीस, देवी डोक्यावर घेतलीस आणि शेवटच्या उतारावरून पाण्यापर्यंत जाताना तुला दम लागला. तीच नदी, तोच उतार. तू मध्येच थांबलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस की मी नजर काढून घेतली. मागून येऊन पोचलेल्या तुझ्या जावेनं देवी घेतली. परत येताना तू मोटारीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून पडून होतीस आणि आपण रस्ता की सुरेश हे त्या दिवशी बोललो नाही.

त्यानंतर एकदाच तू निघाली होतीस. हे तू मला शेवटच्या आजारात सांगितलंस, दवाखान्याच्या खाटेवर, हात माझ्या हातात. दुपारी घरात कुणी नव्हतं. तू साडी बदललीस, जुन्या चपला शोधल्यास, त्या सुजलेल्या पायांत जाईनात म्हणून सुरेशच्याच रबरी स्लिपर घातल्यास आणि हायवेपर्यंत आलीस. कडेला उभी राहिलीस. एक वाहन जाई, दुसरं येई. बराच वेळ उभी होतीस. मग घरी परत गेलीस. एवढीच गोष्ट. मी विचारलं, मग फोन का नाही केलास, मी आले असते पलीकडे. तू म्हणालीस, ‘‘मी तुले भेटाले निंघेल व्हतू. तुले बलावाले नही.’’ मी तुला भेटायला निघाले होते, तुला बोलावायला नाही. इंदू, हे वाक्य मी कुठे ठेवू?

तर आज सकाळी सुरेश नंबर विचारत होता. घरात तुझ्या चपलाच नव्हत्या. त्या जुन्या चपला सुनेनं नंतर टाकून दिलेल्या, आणि नव्या घ्यायची गरज कुणाला पडली नव्हती. मी त्याला नंबर सांगितला नाही. म्हटलं, मी येते चपलांच्या दुकानात. पण आधी मला तुमच्या बंगल्याशी ने, मोटार तिथे ठेव. तिथून आपण पायी जायचं, तुझी आई यायची त्या वाटेनं. तो म्हणाला, मावशी, एवढ्या उन्हात? मी म्हटलं, भटजी म्हणाले ना, वाट उन्हाची असते.

फाटकातून निघालो. कॉलनीत फुटपाथ नाही हे त्याला आज दिसलं असावं, कारण तो सारखा मला कडेला ओढत होता. हायवेशी आलो आणि उभे राहिलो. ट्रक, बस, वाळूचे डंपर, मोटारी. सुरेशनं एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. परत टाकलं, परत मागे घेतलं. मग त्यानं माझं मनगट धरलं. माझ्यासाठी धरलं असेल असं मला वाटलं, पण तोच माझ्याआड सरकला. धुळीनं आमचे डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात एक मोटार करकचून थांबली. काच खाली झाली. त्याच्या ओळखीचा कुणी व्यापारी. ‘‘अरे सुरेशशेठ, पायी? गाडी बिघडली का? बसा, बसा, मावशींना घ्या, सोडतो ना.’’

सुरेश म्हणाला, ‘‘नको. आईच्या चपला घ्यायच्यात.’’

त्या माणसाला काही कळलं नाही. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले, तो गेला. सुरेश माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘मावशी, आई इथून कशी यायची हो?’’

मी म्हटलं, ‘‘यायची. मग नाही आली.’’

तो मुंडण केलेला एवढा मोठा माणूस हायवेच्या कडेला उभा राहून हुंदके देऊन रडला, इंदू. आणि मी, जी इतकी वर्षं त्याच्यावर दात धरून होते, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. समोरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत मला कुणाचा ना कुणाचा सुरेश दिसत होता. आईला दवाखान्यात नेणारा, मुलाला शाळेत सोडणारा, घाईत असलेला, वाईट नसलेला. तू म्हणायचीस रस्ता, मी म्हणायचे सुरेश. आपण एकच गोष्ट बोलत होतो आणि भांडत होतो. हे मला तुला सांगायचं होतं, आणि आता संध्याकाळ झाली तरी तुझी हाक येणार नाही. शेवटचा शब्द माझा झाला गं. नको होता मला.

कधीतरी मोकळं मिळालं आणि आम्ही धावत ओलांडलं. माझे गुडघे अजून दुखताहेत.

दुकानात गेल्यावर दुकानदारानं विचारलं, कुठला नंबर? सुरेशनं माझ्याकडे बघितलं. शेवटी तुझे पाय केवढे सुजले होते ते त्याला माहीत होतं; त्यानं हातानं तसं माप दाखवायलाही घेतलं. मी त्याचा हात खाली केला. म्हटलं, पाच नंबर. अंगठ्याची, चामड्याची, अंगठा दोनदा शिवून द्या, ही बाई झपाट्यानं चालते.

दुकानदारानं शिवून दिला. आता त्या चपला माझ्यासमोर ठेवल्यात. उद्या सकाळी सुरेश न्यायला येईल, पायी येतो म्हणालाय. मी त्यांना थोडं खोबरेल तेल लावलंय, पण तरी नव्या आहेत, पहिले काही दिवस चावतील. घाई करू नकोस, इंदू. सावकाश चाल.